स्पीकर होते तसे करून दे

९ जानेवारी

पावशेर,

फोन करत नाही. फोनवर माझा आवाज चढला की तुझी मावशी दारात येऊन उभी राहते आणि कोणाशी भांडताय म्हणून विचारते. उत्तरही घरी पाठवू नकोस. आमच्या इमारतीखालच्या न्हाव्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. तो माझा दोस्त आहे, पत्र देईल आणि तोंड बंद ठेवील.

मी तुला काय सांगितलं होतं? वूफरच्या कडेचा फोम सडलाय, हात लावला की भुगा पडतो, तेवढा बदल. तेवढाच! रेडिओ केंद्राने ती जोडी भंगारात काढली तेव्हा मी ती हातगाडीवर घालून घरी आणली. तेव्हा तू रांगत होतास. तिच्या पोटात हात घालायला तुला कोणी सांगितलं? दाढीला बसलेल्याचं डोकं भादरायचं असेल तर आमचा न्हावीसुद्धा आधी विचारतो.

तू पेट्या जागेवर लावून गेलास आणि तुझी मावशी हौसेने खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत बसली. मी तबकडी लावली. दोन मिनिटांत उठली. म्हणाली, "यावर रजई कोणी टाकली?" मी सुया बदलल्या, तारा उलटसुलट केल्या, काही उपयोग नाही. संध्याकाळी पाच ते सात हा तिचा ऐकण्याचा वेळ. पेट्या तुझ्याकडे होत्या ते दोन आठवडे सोडले तर नोकरी संपल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. आज चौथा दिवस, तिने प्लेअरचं झाकणही उघडलेलं नाही.

येत्या रविवारी हत्यारं घेऊन ये आणि स्पीकर होते तसे करून दे. ती देवळात, बाजारात, कुठेतरी जाईल असं मी बघतो.

काका


१५ जानेवारी

काका,

नमस्कार. मोठ्यांना आधी नमस्कार लिहावा असं आईने शिकवलंय म्हणून लिहिला. पुढचं तिने शिकवलेलं नाही.

एकेक पेटी बत्तीस किलोची. तुमच्या घरून खाली, माझ्या घरी तीन मजले वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. दोन आठवडे कामावरून आल्यावर जेवणाआधी मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो. त्याचं हे बक्षीस!

मी वजनकाटे तपासणारा माणूस आहे. कारखान्यातला असो की दुकानातला, काटा खोटा निघाला तर मी शिक्का मारत नाही, मालक पाया पडला तरी. फोम बदलून झाल्यावर सवयीने मायक्रोफोन समोर ठेवून मोजणी केली आणि मला वाटलं माझंच यंत्र बिघडलं. वरच्या स्वरांचा आवाज इतका चढलेला की कानात दाभण घातल्यासारखं व्हावं. बायको स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसली. म्हणून पेट्या उघडल्या. वरचे स्वर काढणाऱ्या ट्वीटरच्या वाटेत आवाज आवरायला जो रेझिस्टर असतो तो उपटून तिथे नुसती तार. जाळीच्या कापडामागे चोरून बसवलेला दुसरा ट्वीटर, भलत्याच बनावटीचा. जुन्या डाखावर नवा डाख, त्यावर आणखी. आणि उजवी पेटी डावीहून वेगळी! तिच्यात तिसराही ट्वीटर. याला जोडी म्हणायचं? रेडिओ केंद्राच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाने हे केलं असेल हे माझ्या मनातही आलं नाही. म्हटलं, कोणा उपटसुंभाने काकांना फसवलं.

मी ते सगळं काढलं. मूळ आराखडा शोधून काढला आणि त्याबरहुकूम नवे, चांगल्या प्रतीचे कपॅसिटर बसवले. आता मोजणीची रेषा सरळ येते आणि दोन्ही पेट्या तंतोतंत सारख्या बोलतात. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही.

आणखी एक. आई म्हणत होती, "त्यांचं काही करू नकोस." तिने सहा वर्षं तुमचा उंबरा ओलांडलेला नाही, आणि का ते तुम्हाला माहीत आहे. तरी मी केलं, कारण ते स्पीकर मला लहानपणापासून आवडतात. रविवारी येणार नाही.

पावशेर


१९ जानेवारी

पावशेर,

सरळ रेषा मला शिकवू नकोस. तुला पाढे येत नव्हते तेव्हापासून मी त्या काढतोय.

काढलेले भाग टाकले नाहीस ना? सगळे एका खोक्यात घालून न्हाव्याकडे पाठव. तू हात लावायच्या आधी जी मोजणी केलीस तिचा कागदही पाठव. डावीचा वेगळा, उजवीचा वेगळा. इतक्या वर्षांत थोडंथोडं करत गेलो, कुठे किती केलं ते आता माझ्या ध्यानात नाही. मी स्वतः बसवतो. का, ते विचारायचं नाही. मला तसा आवाज आवडतो. माझं घर, माझे स्पीकर.

तुझी मावशी आता पाचला फिरायला जाते. दोन तास ते घर मला खायला उठतं.

काका


२४ जानेवारी

काका,

तुमचं दुसरं पत्र वाचून राग अर्धा उतरला आणि काळजी वाटायला लागली. तोंडावर बोलायची हिंमत झाली नसती, म्हणून पत्र आहे तोवर लिहून टाकतो. कान तपासून घ्या. तुमचे.

वय झालं की आधी वरचे स्वर जातात. माणसाला ते कळत नाही, त्याला वाटतं यंत्रच मंद झालंय, आणि तो ते चढवत नेतो. तुम्ही तेच केलंत. शिवाय कधीही बघावं तर तुमच्या कानांत कापसाचे बोळे. विचारलं की म्हणता, सर्दी. बारा महिने सर्दी कोणाला असते?

मला खरं वाईट वाटतं ते मावशीचं. गाण्याबोलण्याची परीक्षा घेऊन कोणाचा आवाज रेडिओवर जाईल हे जिने काचेमागे बसून तीस वर्षं ठरवलं, ती बाई तुमचं मन मोडू नये म्हणून रोज दोन तास त्या किंकाळ्यांसमोर बसत होती. आता ती रजई वगैरे म्हणते तेही तुमच्या समाधानासाठीच असणार. माझं आणि तिचं फारसं पटत नाही, पण या बाबतीत मी तिला मानतो.

भाग पाठवतोय. काढलेला माल चिठ्ठ्या लावून गिऱ्हाइकाला परत द्यायचा हा आमच्या कामाचा नियम आहे, म्हणून प्रत्येक पिशवीवर लिहिलंय काय, कुठून काढलं. सोबत मोजणीचा अहवाल आहे. लाल रेषा आधीची, निळी नंतरची, खाली दोन्ही पेट्यांचे आकडे. पण ते पुन्हा बसवायचं पाप माझ्या हातून होणार नाही.

पावशेर


२ फेब्रुवारी

पावशेर,

आठ दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. तू मला बहिरा ठरवलंस आणि तिला सती. माझा इतका संताप झाला की न्हाव्याच्या दुकानातला आरसा फोडावासा वाटला. पण तू असा मोकाट सुटलास तर उद्या तिलाच विचारशील, "मावशी, काकांसाठी किती सोसलंस!" म्हणून सांगतो. वाच आणि कागद जाळून टाक.

माझे कान ठणठणीत आहेत. कापूस मी त्या किंकाळ्यांसाठीच घालतो. जातायत ते तिचे कान.

ती निवृत्त झाली त्या वर्षीची गोष्ट. एके संध्याकाळी म्हणाली, "स्पीकर मंद झालेत, बघा जरा." मी उघडून पाहिले. काही झालेलं नव्हतं. तिला तसं सांगितलं तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काम विसरलो. मग मी एकट्याने वेगवेगळ्या पट्टीतले आवाज वाजवून पाहिले. ती पाठमोरी बसून पेपर वाचत होती. मला ऐकू येत होतं. तिची मान वळली नाही. मी आणखी वाढवलं, तरी वळली नाही.

तिच्याकडे काय आहे रे दुसरं? मूल नाही, बाळ नाही. आयुष्यभर लोक तिच्या कानाला वचकून होते. नवे गायक तिच्यासमोर उभे राहताना थरथरायचे. मी त्या रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर एक रेझिस्टर काढला. संध्याकाळी बसली, ऐकलं आणि म्हणाली, "आता कसं! अजून तुमच्या हातात जादू आहे." तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. म्हटलं, चार दिवस असू दे, मग सवडीने सांगू. पुढच्या वर्षी पुन्हा मंद झाले. मग ट्वीटर घातला. उजवा कान जास्त गेला, म्हणून तिकडे आणखी एक. नऊ वर्षं झाली. सांगायची सवड काही आली नाही.

तुझ्या आईला यातलं अक्षर कळता कामा नये. कोणालाच नाही. मी शब्द टाकतोय.

काका


७ फेब्रुवारी

काका,

कागद जाळला नाही. चार वेळा वाचला.

आधी डोळ्यांत पाणी आलं, हे कबूल करतो. मग वर्षं मोजली. नऊ. आणि माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस सहा वर्षांपूर्वी झाला.

त्या दिवशी माझ्या घरी वीस माणसं होती. आईने नातीसाठी स्वतः गाणं रचलं होतं. माझी आई हळू बोलते, हळू गाते, तिचा आवाजच तसा. दोन ओळी झाल्या आणि मावशी म्हणाली, "थांब गं. तोंड उघडून म्हण, नाहीतर म्हणूच नकोस. लहानपणापासून तुझं हे तोंडातल्या तोंडात. काय लपवतेस?" आई म्हणाली, "ताई, बाकीच्यांना ऐकू येतंय." त्यावर मावशी काय म्हणाली ते मला पाठ आहे: "माझ्या कानांना शिकवू नकोस. माझ्या घरी स्पीकरवर कागद सळसळला तरी मला ऐकू येतो." सगळे हसले. आई आत निघून गेली.

तुम्ही तिथे होतात. पाण्याचा जग हातात घेऊन भिंतीला टेकून उभे होतात. तुम्हाला तेव्हा तीन वर्षं माहीत होतं!

मला वाटत होतं दोघी बहिणींचं जुनं काही असेल. काही नव्हतं. तुम्ही घरात एक खोटा काटा तयार केलात, मावशी रोज त्याच्यासमोर बसून स्वतःची खात्री करून घेत राहिली आणि त्याच्या जोरावर तिने माझ्या आईला हलकी ठरवली. माझ्या आईचं त्यानंतर काय झालं ठाऊक आहे? ती ओरडून बोलते. भाजीवाल्याशी, डॉक्टरांशी, माझ्या मुलीशी. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणते आणि "ऐकू आलं ना?" विचारते. जिन्यात पोरं तिची नक्कल करतात. गाणं तर बंदच झालं. माझी मुलगी सात वर्षांची आहे, आजी गायची हे तिला खोटं वाटतं.

हे सगळं तुम्ही कापूस घालून ऐकलंत.

महिनाअखेरपर्यंत मावशीला सांगा. नाही सांगितलंत तर मी येऊन सांगेन, आणि मला गोड बोलता येत नाही.

पावशेर


१ मार्च

पावशेर,

तू यायची गरज नाही. झालं तुझ्या मनासारखं.

मुदत संपायच्या आत मी सांगणार होतो. खोटं कशाला बोलू, सांगणार नव्हतो. स्पीकर आधी होते तसे करायचे, तिची गाडी रुळावर आली की तू काय बोलशील त्यावर सर्दी-पडशाने तिचे कान दडलेत असं काहीतरी निमित्त काढायचं, असा बेत होता. परवा ती फिरायला गेल्यावर डाव्या पेटीची पाठ उघडली, तुझ्या पिशव्या टेबलावर मांडल्या, तुझा अहवाल समोर ठेवला आणि डाख द्यायला बसलो. हात कापतात आता. एकेका जोडाला पाव तास लागत होता. पाऊस आला म्हणून ती अर्ध्या वाटेतून परत आली. कुलूप उघडल्याचा आवाज आला नाही, कारण मी चाचणीसाठी कापूस घातला होता.

मी दचकून पेटीवर चादर टाकली. पेटी झाकून काय उपयोग! तिने कागद उचलला. असे कागद तिने केंद्रात तीस वर्षं वाचलेत. तिने लाल रेषा पाहिली. उजव्या पेटीचा आकडा पाहिला. मग आपल्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीची उजवी बाजू कोणती ते हाताने चाचपून बघितली. नंतर एका पिशवीवरची तुझी चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली, सगळ्या वाचल्या. मला वाटलं ओरडेल, काहीतरी फेकेल. एकच प्रश्न विचारला, "कोणत्या वर्षी?" मी सांगितलं.

तेव्हापासून बोलत नाही. स्वतःपुरतं शिजवते. माझं ताट माझं मी घेतो. तुझ्या त्या शिस्तीने आणि चिठ्ठ्यांनी माझं चाळीस वर्षांचं घर मोडलं. नऊ वर्षं मी तिला सुखात ठेवली होती. तुला काय मिळालं?

काका


१९ मार्च

पावशेर,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवते आहे. मला न्हावी लागत नाही.

तुझा अहवाल स्वच्छ आहे. केंद्रात माझ्या हाताखाली असतास तर मी डोळे मिटून सही केली असती. बाकी तुझ्यावर मी रागावले आहे. तुझी सगळी पत्रं मी तुझ्या काकांकडून मागून घेतली आणि वाचली. तू मुदत दिलीस. कोणाला? त्यांना! कान माझे आणि मुदत त्यांना? तुला कळलं त्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभं राहायचं होतं. तूही तीन आठवडे त्यांच्याबरोबर बसलास.

कान तपासून आले. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन देतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. बाहेर पोरसवदा मुलगी होती, माझ्याकडे न बघता कागदावर टिंबं काढत होती. तीस वर्षं मी काचेच्या त्या बाजूला बसले. लोकांचे घसे कोरडे पडायचे ते आता समजलं. मी बटण धरून बसले आणि ती मुलगी टिंबं काढत राहिली. शेवटी मला वाटलं वरच्या स्वरांची तपासणी सुरू व्हायची आहे. ती संपली होती.

तुझे काका सांगतात ते प्रेमापोटी झालं. असेल. मी नाही म्हणत नाही. नऊ वर्षं कापूस घालून बसलो, हे तर ते कौतुकाने सांगत होते. मी त्यांना विचारलं, त्या वाढदिवसाला तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, हो. मग घरी येताना मी सगळ्या रस्ताभर माझ्या बहिणीला नावं ठेवत होते तेव्हा? म्हणाले, हो. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खुर्चीत बसून म्हणाले, बघा, मला सगळं स्वच्छ ऐकू येतंय, तिचाच दोष, तेव्हा? त्यावर ते पाणी आणायला उठले. माझे कान गेले म्हणून मी त्यांच्यावर रागावलेली नाही. ते वयाने जातात. पण मी स्वतःच्या बहिणीला वीस माणसांत उभं करून बोलले, आणि माझ्या शेजारच्या माणसाने मला बोलू दिलं. त्यांच्याशी मी बोलत नाही. काही सांगायचं असेल तर लिहून द्या म्हटलं, ऐकायला मला येत नाही. रोज चिठ्ठ्या येतात. वाचते. उत्तर अजून दिलेलं नाही.

स्पीकर होते तसे करायचे नाहीत. तू केलेस तसेच राहतील. डाव्या पेटीत यांनी अर्धवट डाख दिलाय तो येऊन काढून टाक, दिवसाउजेडी, मी घरी असताना. पाच वाजता मी आता पुन्हा बसते. तबकड्या मला पाठ आहेत, त्यामुळे कुठे काय गेलंय ते नेमकं कळतं. एका गाण्यात मागे घुंगरू आहेत. होते. पहिल्या दिवशी तिथे रडले. कानाचं यंत्र पुढच्या महिन्यात मिळेल, त्याने काय होतं ते बघू.

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी तू कामावर असताना मी तुझ्या घरी गेले होते. तुझ्या आईने तुला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

तिने दार उघडलं आणि इतक्या मोठ्याने "ये!" म्हणाली की शेजारच्या बाई बाहेर आल्या. मी म्हटलं, ओरडू नकोस, तू पहिल्यापासून नीटच बोलत होतीस, मीच बहिरी झाले होते. ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. पूर्वी मी म्हटलं असतं, तोंड उघड. या वेळी म्हटलं, परत सांग, मला आलं नाही. ती परत बोलली नाही. माझा हात धरून आत नेलं, खिडकीशी उजेडात समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर मला बसवलं, आणि मला वाटलं आता गळ्यात पडेल.

तिने मला झापायला सुरुवात केली. लहानपणापासूनचं सगळं काढलं. तिची खोड काढून मी कशी नामानिराळी राहायचे, तिच्या लग्नात मी तिच्या गाण्याला नाक कसं मुरडलं, तुझे वडील गेले तेव्हा सगळ्यांत उशिरा कशी आले, आणि मग तो वाढदिवस, एकेक मिनिट. मध्ये तोंड उघडू दिलं नाही. चहासुद्धा विचारला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. तासभर चाललं होतं, आणि पावशेर, त्यातला एकही शब्द मला चुकला नाही.

मावशी